अपघातानंतरचे सहा महिने

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आज एक छोटे वाक्य आहे. अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला नसेल, तर नुकसानभरपाईचा कोणताही अर्ज विचारात घेतला जाणार नाही, असे त्याचे पोटकलम ३ सांगते. पुढे परंतुक (नियमाला सूट देणारी पुरवणी) नाही, अपवाद नाही, ‘पुरेसे कारण असल्यास’ एवढे शब्दही नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने हे वाक्य कायद्यात आले आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. त्या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचीच आकडेवारी सांगते.

या मुदतीला आज ज्या रूपात कायद्यात जागा मिळाली आहे, त्या रूपात ती राहू नये असे माझे ठाम मत आहे. मुदत मुळीच नको, असे म्हणणे नाही. ती तीन वर्षांची असावी, उशीर माफ करण्याचा अधिकार असे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या हातात असावा, आणि पोलिसांनी आपला अहवाल दिला नसेल तर त्यांच्या दिरंगाईचा भुर्दंड जखमीवर पडू नये. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याच कायद्यांत कुठे ना कुठे आधीपासून आहे.

या मुदतीचा इतिहास पाहिला की संसदेने या प्रश्नावर किती वेळा मत बदलले ते दिसते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दावा न्यायाधिकरणे आली, तेव्हा अर्जासाठी फक्त साठ दिवस होते. १९६९ च्या दुरुस्तीने त्याचे सहा महिने झाले आणि त्यानंतर आलेला अर्जही, पुरेसे कारण पटले तर, न्यायाधिकरणाला घेता येत असे. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने सहा महिने ठेवले, पण माफीला बारा महिन्यांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे अपघाताला एक वर्ष उलटले की कारण कितीही खरे असो, दार बंद. साडेपाच वर्षांच्या आतच संसदेला त्याचे परिणाम दिसले आणि १४ नोव्हेंबर १९९४ पासून ते पोटकलमच वगळले गेले.

त्यानंतर सत्तावीस वर्षांहून अधिक काळ देशात मोटार अपघाताच्या दाव्याला कायद्याने ठरवलेली कोणतीही मुदत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये धन्नालाल प्रकरणात या बदलाचा अर्थ लावला. मुदतीच्या अटीमुळे जखमींवर आणि मृतांच्या वारसांवर मोठा अन्याय होत होता, हे ओळखून संसदेने ती काढली, म्हणून प्रलंबित दाव्यांनाही त्याचा फायदा मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

मुदत नसल्याने जुनेपुराणे दावे उकरून काढले गेले का? काही गेले. १९७७ मधल्या एका अपघाताचा दावा तब्बल अठ्ठावीस वर्षांनी दाखल झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०१७ मध्ये, पुरोहित आणि कंपनी विरुद्ध खातूनबी या निकालात, न्यायालयाने तो फेटाळला. कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी दावा वाजवी काळात केला पाहिजे, आणि इतका शिळा दावा चालवता येणार नाही, असे त्यात ठरले. थोडक्यात, शिळे दावे अडवण्याची ताकद न्यायालयांकडे होती आणि त्यांनी ती वापरलीही. २०१९ च्या दुरुस्तीला त्यासाठी सरसकट कुलूप लावण्याची गरज नव्हती.

आता मुदतीविरुद्ध नेहमी केला जाणारा एक युक्तिवाद आधी बाजूला काढतो, कारण तो अर्धाच खरा आहे. ‘उपचारच सहा महिन्यांत संपत नाहीत, मग दावा कसा करणार?’ असे म्हटले जाते. दावा दाखल करणे आणि दावा सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपंगत्वाचा दाखला अर्जासोबत लागत नाही, तो पुराव्याच्या टप्प्यावर देता येतो. रकमेचा आकडा कमी लिहिला गेला तरी बिघडत नाही. मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त, पण न्याय्य असलेली भरपाई न्यायाधिकरण देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये नागप्पा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत किंवा दाखला मिळेपर्यंत थांबणारा माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. वकिलांनी हे जखमीच्या नातेवाइकांना पहिल्या भेटीतच सांगायला हवे.

तरीही उपचारांच्या लांबणीला एक दुसरी बाजू आहे आणि ती गंभीर आहे. त्याच नागप्पा निकालात न्यायालयाने हेही सांगितले की आपल्या कायद्यात अंतिम निवाड्यानंतर पुन्हा भरपाई वाढवून देण्याची सोय नाही. भविष्यातल्या शस्त्रक्रियेचा खर्चही एकदाच आणि आधीच ठरवावा लागतो. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर आधी बाहेरून सळ्यांची चौकट, मग आत रॉड, कधी हाडाचे कलम, असा प्रवास असतो. हाड जुळत नाही असे ठरवण्याआधी डॉक्टर सहसा नऊ महिन्यांपर्यंत वाट पाहतात. डोक्याच्या दुखापतीनंतरचे झटके तर काही रुग्णांना काही वर्षांनी सुरू होतात. पहिल्या दोन महिन्यांत ‘साधे फ्रॅक्चर आहे, बरा होईल’ असे समजून दावा न करणाऱ्याला आपले नुकसान कायमचे आहे हे कळते, तेव्हा सहा महिने केव्हाच उलटलेले असतात. त्याने आळस केलेला नसतो. आपण कशासाठी दावा करायचा हेच त्याला तोवर माहीत नसते.

आणि नुकसान किती, हे दुखापतीच्या टक्क्यांवरून कळत नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचे उदाहरण दिले आहे. डावा हात कापावा लागला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्के धरले जाईल, पण तोच माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली तर कमाईचे नुकसान शून्यही असू शकते. परत कामावर उभे राहता येते की नाही, हे कामावर जाऊन पाहिल्याशिवाय समजत नाही. हे पाहायला सहा महिने पुरत नाहीत.

याहून बोचणारी गोष्ट मुदतीच्या सुरुवातीची आहे. घड्याळ ‘अपघात घडल्यापासून’ सुरू होते, मृत्यूपासून नाही. अपघातानंतर एखादा माणूस सात महिने बेशुद्ध राहून मेला, तर वारसांचा दुःखाचा पहिला दिवस उगवण्याआधीच त्यांची मुदत संपलेली असते. १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालच्या दाव्याला, सर्वसाधारण दाव्यांच्या मुदती ठरवणाऱ्या मुदत कायद्याने दोन वर्षे दिली आहेत, आणि ती मृत्यूच्या तारखेपासून मोजायची असतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याखाली दावा करणाऱ्या वारसांना जी समज दाखवली गेली, ती २०१९ मध्ये दाखवता आली नाही. खुद्द कलम १६६ मध्ये त्याच दुरुस्तीने पोटकलम ५ आले आहे. जखमीचा भरपाईचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर, मृत्यूचा दुखापतीशी संबंध असो वा नसो, वारसांकडे जातो, असे ते सांगते. एका हाताने हक्क वारसांना द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची मुदत जखमी बेशुद्ध असतानाच संपवायची, असा हा प्रकार आहे.

लहान मुलांचेही तसेच. साध्या दिवाणी दाव्यात वादी अज्ञान (अल्पवयीन) असेल किंवा मानसिक दृष्ट्या अक्षम असेल, तर मुदत कायद्याच्या कलम ६ नुसार ती अवस्था संपेपर्यंत मुदत सुरू होत नाही. पण ते कलम दावे आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जांपुरते बोलते. मोटार अपघाताचा अर्ज त्यात थेट बसत नाही. आईवडील दोघेही एका अपघातात गेलेल्या मुलाच्या वतीने सहा महिन्यांत अर्ज कोण करणार? ज्याने मुलाला सांभाळायला घेतले तो काका किंवा आजी आधी शाळा, दवाखाना, रेशनकार्ड, बँकखाती यांत अडकलेली असतात.

आता या मुदतीच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. जखमीने अर्ज करावाच लागत नाही, पोलिसच अहवाल पाठवतात आणि तोच अर्ज समजला जातो, असे सांगितले जाते. कागदावर हे अगदी खरे आहे आणि या दुरुस्तीतला हा भाग मला मनापासून आवडतो. कलम १५९ नुसार तपास करणाऱ्या पोलिसांनी अपघात माहिती अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. कलम १६६ (४) नुसार न्यायाधिकरणाने तो अहवाल भरपाईचा अर्ज मानायचा आहे. २०२२ च्या नियमांनी त्याचे वेळापत्रकही बारकाईने आखले आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अहवाल, दहा दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांचे माहितीपत्रक, तीस दिवसांत चालक आणि मालक यांच्याकडून त्यांचे फॉर्म, साठ दिवसांत पीडिताकडून त्याचा फॉर्म, पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल आणि नव्वद दिवसांत तपशीलवार अहवाल. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्याची अंमलबजावणी कशी करायची याचे सविस्तर आदेश दिले.

हे वेळापत्रक पाळले गेले तर सहा महिन्यांच्या मुदतीचा प्रश्नच बहुतेकांपुरता उरत नाही. नव्वदाव्या दिवशी कागद न्यायाधिकरणात असतात. अडचण ते पाळले जात नाही तेव्हा येते. पोलिसांनी तपशीलवार अहवाल आठव्या महिन्यात पाठवला किंवा पाठवलाच नाही, तर त्या विलंबाने कोणाचा हक्क जातो? तपास अधिकाऱ्याचा नाही, वाहनमालकाचा नाही, विमा कंपनीचा तर नाहीच. जातो तो जखमीचा. ज्याच्या हातात पंचनामा, गाडीची कागदपत्रे आणि विमा पॉलिसी आहे, त्या यंत्रणेने मुदत चुकवली तर तिचा कोणताही हक्क जात नाही. ज्याच्या हातात सलाइनची सुई आहे, त्याच्या मुदतीला मात्र संपूर्ण हक्क जाण्याची शिक्षा आहे. कायद्याची एवढी उलटी रचना क्वचितच सापडते.

शिवाय अहवाल सगळ्या अपघातांत येतच नाही. गुन्हा दाखल झाला नाही तर तपास नाही, तपास नाही तर अहवाल नाही. अपघातानंतर पहिल्या काही दिवसांत वाहनमालक दवाखान्यात येतो, बिल भरतो, ‘केस करू नका, सगळा खर्च आम्ही पाहू’ म्हणतो, आणि तीन-चार महिन्यांनी फोन उचलत नाही. ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कधी पोलिसांनी गुन्हाच जखमीविरुद्ध नोंदवलेला असतो, कारण समोरच्या चालकाचा जबाब आधी झाला आणि जखमी त्या वेळी शुद्धीवर नव्हता. कधी धडक देणारे वाहन पहिले चार महिने सापडतच नाही. अज्ञात वाहनासाठी कलम १६१ खाली वेगळी योजना आहे, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये. पण नंतर वाहन सापडले, तर खरी भरपाई कलम १६६ खालीच मागायची असते, आणि मुदत तोवर निम्म्याहून अधिक संपलेली असते. फिर्याद द्यायला उशीर झाला एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रिनारायण या प्रकरणात सांगितले, आणि त्याचे कारणही दिले: अपघातानंतर घरची माणसे आधी रुग्णाकडे धावतात, पोलीस ठाण्याकडे नाही. फिर्यादीच्या उशिराला न्यायालय जी समज दाखवते, ती अर्जाच्या उशिराला कायद्याने का नाकारावी?

आता याच कायद्याचे कलम १७३ पाहा. न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला नव्वद दिवस आहेत. ते उलटल्यावरही, पुरेसे कारण असेल तर, उच्च न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. हा हक्क दोन्ही बाजूंना आहे, जखमीलाही आणि विमा कंपनीलाही. पण पगारी अधिकारी, कायदा विभाग आणि वकिलांचे पॅनेल असलेल्या कंपनीला उशिराची माफी मागता येते, आणि त्याच कायद्यात पहिला अर्ज करणाऱ्या, घरातला कमावता माणूस गमावलेल्या बाईला ती मागता येत नाही, याचे समर्थन कसे करणार?

इतर कायद्यांतही हेच दिसते. रेल्वे अपघाताच्या दाव्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण कायद्याने एक वर्ष दिले आहे आणि त्यानंतर माफीची सोय ठेवली आहे. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात दोन वर्षे होती आणि पुरेसे कारण असल्यास त्यानंतरही. ग्राहक तक्रारीला दोन वर्षे, तीही माफीसह. मुदत कायद्यात जिथे वेगळी मुदत सांगितलेली नाही, तिथे सर्वसाधारण मुदत तीन वर्षे. बिघडलेल्या फ्रिजसाठी दोन वर्षे आणि कापलेल्या पायासाठी सहा महिने, असा हिशेब आपण करून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये शारीरिक दुखापतीच्या दाव्याला तीन वर्षे आहेत. ती अपघातापासून किंवा दुखापतीचे गांभीर्य समजल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून मोजतात, आणि त्यानंतरही न्यायालयाला ती बाजूला ठेवण्याचा अधिकार आहे.

विमा कंपन्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत येते: पुरावा नाहीसा होतो, खोटे दावे वाढतात, आणि किती देणे लागेल याचा अंदाज बांधता येत नाही.

पुरावा जातो हे खरे. साक्षीदार गाव सोडतात, गाडी विकली जाते, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाते. पण मोटार अपघाताच्या दाव्यातला मुख्य पुरावा पहिल्याच काही दिवसांत तयार होतो आणि तो सरकारी दप्तरात राहतो: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची तपासणी, वैद्यकीय दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल. पुरावा कच्चा असेल तर दावा सिद्ध होणार नाही, आणि ते ओझे अर्जदारावरच आहे. म्हणजे उशिराची किंमत तो पुराव्याच्या टप्प्यावर तशीही मोजतोच.

खोट्या दाव्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो हलका समजू नये. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. पण ही फसवणूक कशी होते ते पाहा. विमा नसलेल्या वाहनाच्या जागी विमा असलेले वाहन दाखवले जाते, चालकाचे नाव बदलले जाते, दुसऱ्याच कारणाने झालेली इजा अपघातात घातली जाते. हे सगळे ठरवून करणारी टोळी मुदत कधीच चुकवत नाही. तिच्याकडे दलाल असतो, कागद तयार असतात, अर्ज वेळेत जातो. सहा महिन्यांच्या चाळणीत अडकतो तो खरा, गोंधळलेला, वकील न मिळालेला माणूस. खोटेपणा पकडायचा तर ४८ तासांचा पहिला अहवाल वेळेत जाणे, वाहनाच्या नुकसानीची तपासणी आणि दवाखान्याची पहिली नोंद यांची तुलना होणे, हे उपयोगी आहे.

अंदाजाचा मुद्दा तर नव्या नियमांनीच निकालात काढला आहे. पहिल्या अहवालाची प्रत विमा कंपनीला जाते. अपघात झाला, कोण जखमी आहे, पॉलिसी कोणाची आहे, हे तिला दोन-तीन दिवसांत कळते. त्या दाव्यासाठी रक्कम बाजूला ठेवायला अर्जाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत क्वचितच येते. कलम १७१ नुसार न्यायाधिकरण भरपाईवर व्याज देऊ शकते, पण ते दावा दाखल केल्याच्या तारखेआधीचे देता येत नाही. दहा लाखांच्या भरपाईवर सात टक्के सरळ व्याज धरले, तर दावा एक वर्ष उशिरा करणारा माणूस सत्तर हजार रुपये गमावतो. आणि हे पैसे विमा कंपनीकडेच राहतात. लवकर अर्ज करण्याची ओढ कायद्यात आधीपासून आहे. मुद्दाम उशीर करण्यात अर्जदाराचा कोणताच फायदा नाही, म्हणून त्याला घाबरवून वेळेत आणण्याची गरजही नाही.

सध्या या पोटकलमाच्या घटनात्मकतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, या याचिका प्रलंबित असेपर्यंत न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी केवळ सहा महिन्यांच्या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. मोठा दिलासा आहे. पण तो अंतरिम आहे आणि अंतिम निकाल कोणत्याही बाजूने जाऊ शकतो. मुदत कायद्याचे कलम ५, म्हणजे उशीर माफ करण्याचे सर्वसाधारण कलम, इथे लागू होते का, हा प्रश्नही अजून पक्का सुटलेला नाही. लागू होते असे मानणाऱ्यांचा आधार त्याच कायद्याच्या कलम २९ (२) मध्ये आहे: विशेष कायद्याने स्पष्टपणे वगळले नसेल तर ते लागू होते. विमा कंपन्या म्हणतात, १९८८ च्या कायद्यात माफीचे परंतुक होते आणि २०१९ मध्ये ते मुद्दाम ठेवले नाही. दोन्ही वाचने शक्य आहेत, आणि जखमीचा हक्क अशा वाचनावर टांगून ठेवणे हाच मोठा दोष आहे.

म्हणून आज ज्याच्या घरी अपघात झाला आहे त्याने सहा महिने ही कडक मुदत समजूनच वागावे. घड्याळ अपघाताच्या तारखेपासून चालते. गुन्हा नोंदवल्याची, दवाखान्यातून सोडल्याची किंवा दोषारोपपत्राची तारीख त्यासाठी चालत नाही. अपघाताचा दिवस सोडून कॅलेंडरचे सहा महिने मोजायचे: १२ जानेवारीचा अपघात असेल तर १२ जुलै, ३१ ऑगस्टचा असेल तर फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहू नये. त्याला वर्षे लागतात आणि भरपाईच्या दाव्याला त्या निकालाची गरज नसते. अर्ज अपघात घडला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात करता येतो. कोल्हापूरच्या माणसाचा अपघात इंदूरजवळ झाला तर इंदूरच्या खेपा घालण्याचे कारण नाही.

कागदांपैकी फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, वाहनाचे नोंदणीपत्र, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती पोलिसांकडून लेखी अर्ज करून, पोच घेऊन मागाव्यात. ही पोच पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण उशीर कोणामुळे झाला हे तीच सांगते. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि एक्स-रे स्वतःकडे ठेवावेत. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधावा. वय ठरवताना आधार कार्डापेक्षा तो अधिक ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे, आणि वयावरूनच भरपाईचा गुणक (वार्षिक उत्पन्नाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा) ठरतो. यातला एखादा कागद नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नये. दोन वाहनांच्या धडकेत प्रवासी जखमी झाला असेल आणि एकाच वाहनाचे कागद मिळाले असतील, तर त्या एका वाहनाच्या मालकाविरुद्ध आणि विमा कंपनीविरुद्धही पूर्ण भरपाईचा दावा चालतो. हे २०१५ च्या खेन्येई निकालाने स्पष्ट केले आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

मुदत आधीच गेली असेल तर दावा नुसता दाखल करू नये, सोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. त्यात ‘आजारपणामुळे उशीर झाला’ एवढे एक वाक्य पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रुग्णालयात, शस्त्रक्रिया कधी, पोलिसांकडे कागद कधी मागितले, कधी मिळाले, असा तारीखवार खुलासा हवा आणि प्रत्येक तारखेला कागदाचा आधार हवा. असे अर्ज फेटाळले जातात ते बहुधा या मोघमपणामुळे.

कायद्यात काय बदलायचे याचे उत्तर अवघड नाही. पोटकलम ३ मध्ये सहा महिन्यांच्या जागी तीन वर्षे लिहावीत. ती अपघातापासून, मृत्यू नंतर झाला असेल तर मृत्यूपासून, आणि कायमच्या अपंगत्वाचे निदान नंतर झाले असेल तर निदानापासून मोजावीत. अज्ञान वारसांसाठी आणि मेंदूला इजा झालेल्यांसाठी मुदत थांबवून ठेवावी. कलम १७३ मध्ये माफीचे जे शब्द आहेत तेच इथे परंतुक म्हणून आणावेत. आणि जोवर पोलिसांचा तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणात आणि पीडिताच्या हातात पोहोचत नाही, तोवर मुदत सुरूच होणार नाही, असे एक स्पष्टीकरण जोडावे. या शेवटच्या वाक्याने पोलिसांना अहवाल वेळेत देण्याचे खरे कारण मिळेल, कारण मग विमा कंपन्याच त्यांच्यामागे लागतील.

एक गट मात्र या बदलानेही सुटणार नाही, आणि त्याची काळजी आत्ताच करायला हवी. २०२२ ते २०२५ या काळात ज्यांचे दावे मुदतीच्या कारणावरून फेटाळले गेले आणि ज्यांनी पुढे काहीच केले नाही, त्यांचे निवाडे अंतिम होत चालले आहेत. १९९६ च्या धन्नालाल निकालातच न्यायालयाने सांगितले होते की, फेटाळणीला आव्हान न देता ती अंतिम होऊ देणाऱ्याला नव्या दुरुस्तीचा फायदा मिळणार नाही. म्हणून अशा प्रत्येकाने कलम १७३ खाली उच्च न्यायालयात अपील करावे. नव्वद दिवस उलटले असतील तर तिथे माफी मागता येते. आणि संसद हे पोटकलम बदलेल तेव्हा १९९४ ची चूक तिने पुन्हा करू नये. फेटाळलेल्या दाव्यांना एका वर्षाच्या आत पुन्हा अर्ज करता येईल, असे तिने कायद्यातच स्पष्ट लिहावे.